जपान नोव्हेंबर (फक्त घरचे)

मोठे काका: सुप्रभात. शीट तयार आहे, फोटो टाकतोय. मुक्काम क्योतो, पाच दिवस, सगळं ट्रेनने.
सोमवार नारा + ओसाका
मंगळवार हिमेजी + कोबे
बुधवार हिरोशिमा, तसंच पुढे मियाजिमा बेट
गुरुवार कानाझावा
शुक्रवार आराम (शक्य झाल्यास)
सगळ्यांचा सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास काढू. माझा मित्र जाऊन आलाय, म्हणाला "डोळे मिटून घ्या". रोज तिकिटाची कटकट नको.

दादा: काका, ही सहल आहे की टीसीची ड्युटी?

काकू: मग क्योतो कधी बघायचं?

वहिनी: अय्या, खरंच की! शीटमध्ये क्योतोच नाहीये.

मोठे काका: क्योतो काय, राहतोच आहोत ना तिथे. संध्याकाळी बघू.

मी: काका, नोव्हेंबरच्या शेवटी तिथे पावणेपाचला सूर्य मावळतो. संध्याकाळी फक्त सेव्हन इलेव्हनचं दुकान दिसेल. आत्ता मीटिंग आहे, दुपारी सविस्तर लिहिते. तोवर कोणीही पास काढू नका. दादा, विशेषतः तू.

दादा: कार्ड हातात घेतलं होतं.

मी: ठेव खाली.

आत्या: मला फक्त हरणं बघायचीत. बाकी जिथे न्याल तिथे येते.

मी: हां, आता बोलते. आधी पासाचं. 2023 च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा पास 29,650 वरून एकदम 50,000 येन झाला. येनला 60 पैसे धरले तरी माणशी तीस हजार रुपये. काकांच्या ज्या मित्राने "डोळे मिटून घ्या" सांगितलं, तो त्याआधी जाऊन आला असणार. आता सुटी तिकिटं काढली तर: नारा जाऊन-येऊन 1440, हिमेजी साध्या गाडीने साधारण 4600, उजी (नाऱ्याच्या वाटेवरचं गाव) 480, ओसाका 1200 च्या आत. सगळं मिळून आठ हजार येनसुद्धा होत नाहीत. त्यात हिरोशिमाचे शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, 22-23 हजार घातले तरी तीस-एकतीसच. उरलेल्या वीस हजारांत आपण काय पास गळ्यात घालून फोटो काढणार?

मोठे काका: सीनियर सिटिझन सवलत असेल ना पासाला?

मी: नाही काका. पिल्लूला मात्र सहा ते अकरा वर्षांचं अर्धं तिकीट. बाकीच्यांनी इकोका कार्ड घ्यायचं, पैसे भरायचे, गेटवर टेकवायचं. मेट्रोच्या कार्डासारखंच. फक्त शिंकानसेनचं तिकीट वेगळं.

वहिनी: साधी गाडी म्हणजे पॅसेंजर का गं? हिमेजीला दिवस जायचा.

मी: नाही, उलट ती गंमत आहे. 'शिनकाइसोकु' म्हणून गाडी असते. आपली फास्ट लोकल आणि तिच्यावर अजून एक फास्ट. जादा पैसे नाहीत. क्योतोहून ओसाका अर्ध्या तासात, हिमेजी दीड तासाच्या आसपास. शिंकानसेनने पाऊण-एक तास, पण पैसे दुपटीहून जास्त. एकच, ती मागून भरून येते. क्योतोला बसायला मिळेलच असं नाही.

आत्या: डोंबिवलीला चढल्यासारखं.

मी: अगदी तस्संच! फक्त कोणी ढकलत नाही आणि कोणी बोलत नाही. काका, फोन स्पीकरवर नाही हां.

मोठे काका: बरं. नारा?

मी: नाऱ्याला दोन कंपन्यांच्या गाड्या जातात. जेआरची मियाकोजी रॅपिड, पाऊण तास. आणि किन्तेत्सु. मी तुम्हाला किन्तेत्सुची लिमिटेड एक्स्प्रेस सुचवीन. 760 चं तिकीट, वर 520, पण रिझर्व्ह सीट, 35 मिनिटं, आणि स्टेशन हरणांच्या पार्कजवळ. जेआरच्या स्टेशनवरून चालत बरंच पडतं, काकांचा गुडघा आहे. आणि बघा, किन्तेत्सुवर तुमचा पास चालतच नाही.

काकू: म्हणजे पास बाद.

मोठे काका: मी अजून काही बोललेलो नाही.

मी: आत्या, हरणांसाठी एक सूचना. बिस्किटं तिथेच विकत मिळतात, हरणं मान लववून मागतात, फार गोड दिसतं. पण हातात कागद ठेवू नकोस. पहिल्यांदा गेले तेव्हा गाड्यांच्या वेळा लिहिलेला माझा कागद एकाने ओढला, आणि मी "अहो, अहो" करेपर्यंत परतीच्या गाड्या चावून संपल्या होत्या. काकांची शीट त्यांना फारच आवडेल.

दादा: तोच उपाय आहे.

मी: तिथलं तोदाइजी देऊळ मात्र घाईत बघू नका. पंधरा मीटरची बुद्धमूर्ती. 752 साली तिचे डोळे रंगवून तिला जागं करायचा मान आपल्याकडच्या भिक्षूला, बोधिसेनाला मिळाला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना.

आत्या: प्राणप्रतिष्ठाच की गं. आणि सगळ्यांनी पूजेला हात लावायचा. बाई, अंगावर काटा आला.

आत्या: तिथे जेवायचं काय पण?

मी: अवघड आहे, खरं सांगते. भाजीच्या रश्शातसुद्धा बहुतेकदा माशाचं पाणी असतं. भाताच्या त्रिकोणी ओनिगिरीत उमेबोशीची मिळते, आंबट-खारट, आपल्या लिंबाच्या जुन्या लोणच्याच्या भावकीतली. दशम्या ने. पण साध्या गाडीत डबा उघडू नये, शिंकानसेनमध्ये चालतं. आणि पिशवी बरोबर ठेव, कचऱ्याचे डबे कुठे दिसत नाहीत.

वहिनी: ते लाल कमानींचं देऊळ राहिलं. पिल्लूच्या पुस्तकात आहे ते.

मी: फुशिमी इनारी. क्योतोपासून दुसरं स्टेशन, पाच मिनिटं. पण तिथे स्लो गाडीच थांबते. नाऱ्याची रॅपिड दिसली की लोक चढतात आणि कमानींसमोरून सुसाट पुढे जातात. विद्याविहारला उतरायचं आणि फास्टमध्ये चढलो, तसं. माझे सासू-सासरे मी बरोबर असताना असे उजीच्या दिशेने गेले आहेत, कारण मीच "चढा, चढा" म्हणाले.

वहिनी: हे आम्हाला कधी कळलंच नाही!

मी: त्यांनीही कोणाला सांगितलं नाही, देवमाणसं. म्हणून सांगते, इनारी आणि उजी एकाच दिवशी करा, एकच लाइन. सकाळी सातला इनारी, ते कायम उघडं असतं. मग उजीला ब्योदोइन देऊळ, तिथला 1053 चा फिनिक्स हॉल. पिल्लूच्या हातात दहा येनचं नाणं द्या, त्यावर तोच आहे. समोर धरून ताडून बघू दे.

मोठे काका: हिमेजी मी सोडणार नाही. किल्ला आहे.

मी: सोडूच नका! आत्ताचा बालेकिल्ला 1609 चा, म्हणजे महाराजांच्या जन्माच्या 21 वर्षं आधीचा, आणि आतून सगळा लाकडी. भिंतीतल्या जंग्या (मारा करायची भोकं) बघा, गोल, त्रिकोणी, चौकोनी. पण जिने शिडीसारखे, बूट काढून पायमोज्यांवर चढायचे. गुडघ्याला झेपलं नाही तर खाली कोकोएन बाग आहे, काकू सोबत बसेल.

काकू: मी वर जाणार. ह्यांनी बसावं.

मोठे काका: कानाझावा?

मी: एका दिवसात नको. मार्च 2024 पासून क्योतोची थंडरबर्ड गाडी त्सुरुगापर्यंतच जाते, तिथे शिंकानसेन बदला. जाऊन-येऊन चारेक तास गाडीतच.

मोठे काका: आणि हिरोशिमा? ते मला खरंच बघायचं आहे. लहानपणापासून.

मी: मग नक्की जा, काका. पावणेदोन तास लागतात. पण मियाजिमा त्याला जोडू नका. अणुबॉम्बच्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर माणसाला थोडा वेळ बोलावंसं वाटत नाही. नदीकाठी बसा आणि परत या.

मी: माझं म्हणणं: सोमवार इनारी-उजी, मंगळवार नारा, बुधवार हिमेजी, गुरुवार फक्त क्योतो. शुक्रवार रिकामा, गुडघा बघून ठरवा.

दादा: पास मनातून काढून टाकला आहे.

काकू: मंजूर.

आत्या: दशम्या किती करू? मला आकडा सांगा.

मोठे काका: सुधारित शीट टाकली आहे. शुक्रवारी हिरोशिमा. आराम काढून टाकला.