‘अंगातच वेग होता’ असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो?

प्रश्न : गंगापूररोड

नमस्कार. मी नाशिकमध्ये १४ वर्षांखालील मुलांना क्रिकेट शिकवतो. गेल्या आठवड्यात पालकांशी गप्पा मारताना मी सहज म्हणालो की, वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांना फारसे शिकवावे लागत नसे, त्यांच्या अंगातच वेग होता. त्यावर एका आईने शांतपणे विचारले, ‘‘मग ऑस्ट्रेलियाच्या गोऱ्या डेनिस लिलीबद्दल बोलताना तुम्ही मेहनत आणि डोके असे शब्द का वापरता?’’ मला उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न अजून मनातून जात नाही.

कृष्णवर्णीय खेळाडूच्या वाट्याला शरीराचे कौतुक आणि गोऱ्याच्या वाट्याला बुद्धीचे, या वाटणीमुळे खेळाडूंचे प्रत्यक्ष नुकसान काय झाले? आणि धावण्याच्या शर्यतींचे निकाल समोर असताना वंशाचा काहीच संबंध नाही, असे म्हणणे प्रामाणिक ठरेल का?

उत्तर : लेगकटर

नुकसान सर्वांत स्पष्ट दिसते ते कर्णधारपदात. वेस्ट इंडिजचा संघ १९२८ मध्ये पहिली कसोटी खेळला. पुढची तीस वर्षे संघाचे मोठे फलंदाज आणि गोलंदाज बहुतांशी कृष्णवर्णीय होते, पण नाणेफेकीला जायचा तो मात्र जवळजवळ नेहमी गोरा किंवा उजळ वर्णाचा, प्रतिष्ठित घरातला माणूस. जॉर्ज हेडली यांच्यासारख्या थोर कृष्णवर्णीय फलंदाजाला कर्णधारपद मिळाले ते १९४८ मध्ये ब्रिजटाउनला, एका कसोटीपुरते. दुसरे कृष्णवर्णीय फलंदाज फ्रँक वॉरेल यांनी १९५०-५१ मध्ये आपल्याकडे आलेल्या कॉमनवेल्थ संघाचे काही सामन्यांत नेतृत्व केले होते, म्हणजे त्यांना हे काम जमते की नाही ही शंका उरलेलीच नव्हती. तरीही स्वतःच्या संघाचे पूर्ण मालिकेसाठीचे कर्णधारपद त्यांना १९६० मध्ये मिळाले, आणि तेही त्रिनिदादमध्ये लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी ‘द नेशन’ या वृत्तपत्रातून उघड मोहीम चालवल्यानंतर.

ऑस्ट्रेलियातल्या त्याच मालिकेत ब्रिस्बेनची पहिली कसोटी ‘टाय’ झाली, म्हणजे दोन्ही संघांच्या धावा अगदी सारख्या राहिल्या. अखेरचे षटक आठ चेंडूंचे होते, ऑस्ट्रेलियाला ६ धावा हव्या होत्या आणि तीन गडी बाकी होते. चेंडू वेस्ट इंडिजच्या वेस्ली हॉल यांच्या हातात होता. त्या षटकात झेल सुटला, धावा निघाल्या, तरी संघ विस्कटला नाही. सातव्या चेंडूवर जो सॉलोमन यांनी बाजूने, जेमतेम एक यष्टी दिसत असताना, थेट फेकीने शेवटचा गडी धावबाद केला. ‘कॅलिप्सो क्रिकेट’ म्हणजे मौजेखातर खेळणारे आणि दडपण आले की भान हरपणारे, असा शिक्का ज्यांच्यावर होता त्यांचा हा संयम होता.

तुमच्या त्या वाक्याबद्दलही लिहितो. वेस्ट इंडिजचे वेगवान गोलंदाज अँडी रॉबर्ट्स आधी थोडा हळू उसळता चेंडू टाकत. फलंदाजाने तो सहज हूक केला की पुढचा तशाच शैलीत, पण पूर्ण वेगाने येई. हा सापळा आहे, आणि सापळा डोक्याने लावावा लागतो. लंडनच्या ओव्हल मैदानावर १९७६ मध्ये खेळपट्टी निर्जीव असताना त्यांचेच सहकारी मायकेल होल्डिंग यांनी १४९ धावांत १४ बळी घेतले, त्यांतले बहुतेक त्रिफळाचीत किंवा पायचीत होते. चेंडू आपटून उपयोग नाही हे ओळखून त्यांनी तो पुढे, यष्टींच्या रोखाने टाकला. याला नुसता ‘अंगातला वेग’ म्हणणे म्हणजे त्यांनी केलेला विचार त्यांच्या नावावरून खोडून टाकणे होय.

उत्तर : शास्त्रशाखा

शर्यतींबद्दल थोडक्यात. शरीराची ठेवण आणि अनुवंश यांचा खेळावर परिणाम होतो, हे कोणी नाकारत नाही. अडचण ‘कृष्णवर्णीय’ हा एकच गट मानण्यात आहे. माणसातील सर्वाधिक जनुकीय वैविध्य खुद्द आफ्रिकेत आढळते. लांब पल्ल्याचा केनियन धावपटू आणि १०० मीटर धावणारा जमैकन यांना त्वचेच्या रंगावरून एका खणात टाकले की काहीच स्पष्ट होत नाही. जमैकात शालेय मुलांची ‘चॅम्प्स’ ही स्पर्धा १९१० पासून चालू आहे. मुलांना घडवणारी इतकी जुनी परंपरा वगळून केवळ रक्ताकडे बोट दाखवणे मला अशास्त्रीय वाटते.

उत्तर : जुनेजिमखाने

जात आणि वंश या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करूनच पुण्याचे एक उदाहरण देतो. दलित समाजातले पाळवणकर बाळू खेळपट्टीची देखभाल करता करता साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. तेव्हा संघ धर्मवार असत; हिंदू संघाला त्यांची डावखुरी फिरकी हवी होती, पण चहा त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. भारतीय संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. हात हवा, हुकूम नको, ही वृत्ती ब्रिजटाउनपुरती नव्हती.

गंगापूररोड

सर्वांचे मनापासून आभार. त्या आईचा मुलगाच आमच्याकडचा सर्वांत वेगवान गोलंदाज आहे. दोन वर्षे मी त्याला ‘तू फक्त जोरात टाक’ एवढेच सांगत आलो आणि क्षेत्ररचना मात्र स्वतः लावत आलो, हे लिहिताना मला लाज वाटते. काल त्याला म्हटले, आजचे क्षेत्र तूच लाव. त्याने बराच वेळ फलंदाजाच्या पायांकडे पाहिले, दुसरी स्लिप काढून तो खेळाडू शॉर्ट मिडविकेटला उभा केला आणि मला सांगितले, ‘‘सर, हा पुढचा पाय आडवा टाकतो.’’ ते माझ्या लक्षात आलेले नव्हते.