कंपनांवर सेन्सर चालवता येईल काय?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव):
आमच्या हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या पाच एचपी मोटरीचे बेअरिंग तापू लागल्यास वेळीच कळावे, म्हणून तिच्यावर तापमान मोजणारा वायफाय सेन्सर बसवला आहे. सेल वारंवार बदलावे लागतात, आणि शेजारच्या फाउंड्रीच्या काळ्या धुळीमुळे सोलर पट्टीचा उपयोग होत नाही. म्हणून बझरमधील २७ मिलिमीटरची पिझो चकती (वाकली की वीज देणारी) एका कडेने पकडून, मोकळ्या कडेला नट चिकटवून मोटरीवर लावली. मीटर पाच व्होल्ट दाखवतो, मात्र सेन्सर जोडताच व्होल्टेज शून्यावर येतो. नेमके कोठे अडते?

उत्तर १:
मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून पाच व्होल्ट दिसतात. या चकतीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड असते. आपली मोटर १४४० आरपीएमची असेल, तर कंपन २४ हर्ट्झचे होते आणि त्या फ्रिक्वेन्सीला चकतीचा अंतर्गत अडथळा तीन लाख ओहमच्या पुढे जातो; म्हणजे जोडणी अगदी योग्य केली तरी हाती सुमारे ४० मायक्रोवॅट येतात, आणि एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमध्ये त्यातलेही बरेच जातात. वायफायला मात्र चालू असताना ३०० मिलिवॅटच्या आसपास लागतात. निम्मी वीज टिकली असे धरून ती कपॅसिटरमध्ये साठवत गेलात, तर एक सेकंदाच्या प्रसारणासाठी चार तास थांबावे लागेल. वायफाय सोडून लोरा (कमी विजेवर छोटे संदेश लांब पाठवणारा रेडिओ) घेतल्यास दहा-बारा मिनिटांतून एक नोंद पाठवणे शक्य आहे, पण नटाचे वजन कमी-जास्त करून चकतीची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी २४ हर्ट्झशी जुळवावी लागेल. ती थोडी जरी हुकली तरी उत्पन्न झपाट्याने घसरते.

उत्तर २ (वडगाव):
आमच्या साध्या यंत्रमागांवर ही जुळणीच शक्य होत नाही, कारण मिनिटाला शंभर-सव्वाशे ठोके म्हणजे जेमतेम दोन हर्ट्झ. तेथे धोट्याच्या प्रत्येक ठोक्याने पिझो पट्टीला हिसका देऊन तिला तिच्या स्वतःच्या, अधिक फ्रिक्वेन्सीने थरथरू द्यावे लागते.

उत्तर ३:
ज्या मोटरीला थ्री-फेज केबल जोडलेलीच आहे, तिच्यावर कंपनांच्या मागे लागणे मला पटत नाही. उघडता येणारा १०००:१ चा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वायरीतील करंटचा हजारावा भाग आपल्या वेटोळ्यातून देणारा) एकाच फेजच्या वायरभोवती बसवा. तिन्ही वायरी एकत्र घेतल्यास चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि काहीच मिळत नाही. ही मोटर भारावर सुमारे सात अँपिअर घेते, तेव्हा रेक्टिफायरनंतर ३.३ व्होल्टवर २० मिलिवॅट मिळतील आणि तेच वायफाय प्रसारण पंधरा-वीस सेकंदांच्या साठ्यावर होईल. वायर चालू असताना सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी ठेवू नये, तिच्यावर झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) कायम असावा.

प्रश्नकर्ता:
मोटर बंद असताना सीटीतून वीज मिळणार नाही, पण तेव्हा बेअरिंगही तापत नाही. सप्लाय बंद करून स्टार्टरच्या पेटीतच तो बसवून घेतो आणि तापमानाचा प्रोब लांब वायरीने मोटरीपर्यंत नेतो. लोखंडी पेटीत वायफाय अडेल, तेव्हा अँटेना बाहेर काढावा लागेल ना?

उत्तर ३:
होय, आणि प्रोबची वायर पॉवर केबलपासून वेगळ्या मार्गाने न्या.