डोस चुकवला तेव्हा मनात काय चाललं होतं?

'औषध वेळेवर घे' हे आपल्याला सगळ्यांनी सांगून झालंय, त्यामुळे उपदेश नको. लहान वयात आजार मागे लागलेल्यांनी एवढंच लिहा, चुकवलं तेव्हा मनात काय होतं.

सुरुवात मी करते. टाइप १ डायबेटीस, अकराव्या वर्षापासून. सोळाव्या वर्षी मी शुगर तपासणंच बंद केलं, मीटरची बॅटरी गेली म्हणून सांगायचे. खरं म्हणजे २८० वगैरे आलं की आई काही बोलायची नाही, नुसती मीटरकडे बघत बसायची आणि ते बघणं सुईपेक्षा जास्त टोचायचं. मग वहीत मनानेच आकडे, १३०, १४२, ११८, आणि खरं वाटावं म्हणून वेगवेगळ्या पेनांनी (अक्कल बघा!). पण एचबीएवनसी या रक्ततपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशोब निघतो, तिथे वही उघडी पडली. डॉक्टर ओरडल्या नाहीत, "हे लिहायला किती वेळ लागला गं?" एवढंच विचारलं आणि मी ढसाढसा रडले.

*

सेम! फक्त माझ्या शुगर तपासायच्या स्ट्रिप्स 'संपायच्या'.

*

मला एपिलेप्सी. दोन वर्षं फिट नाही, वाटलं सुटलो एकदाचे, कोणाला न सांगता गोळ्या बंद. चौथ्या दिवशी फिट. दुःखातच औषध सुटतं असं नाही हो, मी तर खुशीत सोडलं होतं.

*

या वयात संधिवात म्हटलं की लोक हसतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, पण ती पिवळी गोळी नुसती दिसली तरी पोटात ढवळायचं, घ्यायच्या आधीच. शुक्रवारी सकाळपासून चिडचिड, घरचे म्हणायचे नाटकं. गोळी टिशूत गुंडाळून फेकलीये मी कितीदा. शेवटी डॉक्टरांनीच घरच्यांना सांगितलं की हे नाटक नाही, शरीराला आधीची मळमळ आठवते. त्या दिवशी इतकं हलकं वाटलं!

*

माझं उलटं, धागाकर्तीताई. टाइप १च, पण मला भीती शुगर लो होण्याची, म्हणजे फार खाली जाण्याची. परीक्षेत एकदा ५२ झाली, हात थरथर, घाम, प्रश्न वाचतोय पण डोक्यात शिरत नाही. तेव्हापासून इन्सुलिन मुद्दाम कमी घ्यायचो. त्यात गोची अशी की नुसत्या टेन्शननेही तसाच घाम, तशीच धडधड, म्हणजे लो आहे की घाबरलोय कळत नाही आणि टेन्शनने शुगर वर पण जाते. आता आधी तपासतो, मग खातो. रात्री १८० च्या खाली असलो तर अजून झोप लागत नाही, ते जमलं की लिहीन.