नायलॉनचं कापड टिकतं, आतला थर नाही
आणीबाणीत उचलून निघायच्या सामानाची सॅक लष्करी रंगाची नको, ती गर्दीत उठून दिसते, असं सांगतात ते पटतं. पण ‘नायलॉनची घ्या, वर्षानुवर्षं बघायला नको’ या सल्ल्याला माझा आक्षेप आहे. भुसावळला पत्र्याखालच्या माळ्यावर माझी तशीच सॅक तीन उन्हाळे पडून होती. वरून ठणठणीत, आत हात घातला तर चिकट पापुद्रे बोटांना आले. कापड शाबूत राहतं, पण पाणी अडवणारा आतला पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर उष्णता आणि दमटपणानं सुटतो. ओआरएसची पाकिटं, गोळ्यांच्या पट्ट्या, टॉर्च, सगळं चिकट.

आता जाड कॅनव्हासचं जुनं शाळेचं दप्तर वापरतो, आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या. जड आहे खरं, पण कोणी ढुंकून बघत नाही. ठेवतो मात्र खाली, धान्याच्या कोठीमागे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखाली औषधंही बिघडतात.