परवान्याने पेशा होत नाही

शेतीची औषधं विकायला परवाना लागतो, म्हणून त्या धंद्याचा वकिलीसारखा जबाबदारीचा पेशा होतो, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या परभणी-जालन्याकडचं कृषी सेवा केंद्र, म्हणजे बियाणं-खतं-कीटकनाशकांचं दुकान बघा. शेतकरी कपाशीचं पान घेऊन येतो. काउंटरवरचा माणूस ते उलटं करून कीड कोणती, तुडतुडे आहेत की फुलकिडे, ते पाहतो आणि पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली औषध, ते बाटलीवरच पेनाने लिहून देतो. जोडीला पिकाच्या वाढीचं एखादं टॉनिकही पिशवीत पडतं. निदान आणि विक्री एकाच हातात, खरी अडचण इथे आहे.

शिक्षण आता आलंय. हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी विस्ताराचं प्रशिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये अशा विक्रेत्यांसाठी 'देसी' डिप्लोमा सुरू केला, ४८ आठवड्यांचा. कीटकनाशकांच्या परवान्याला पात्रतेची अटही लागली. चांगलंच झालं. पण वकिलाने अशिलाला फसवलं तर १९६१ च्या कायद्याखाली वकिलांचंच मंडळ असलेली बार कौन्सिल त्याची सनद काढून घेऊ शकते. इथे कृषी विभाग परवाना रद्द करतो तो साठा, नोंदी, अप्रमाणित माल यांवरून. चुकीच्या सल्ल्याचा जाब विचारणारं याच धंद्यातल्या लोकांचं मंडळ नाही. संघटना आहेत, पण त्यांचा जोर मार्जिन वाढवून घेण्यावर आणि कायद्यातल्या शिक्षांना विरोध करण्यावर.

सरकारचा कृषी कर्मचारी गावात भेटला तर भेटला. पान बघणारा रोजचा माणूस हा विक्रेताच. म्हणून निदान आणि मात्रा बिलावर लिहून खाली नाव-सही करणं, एवढं तरी विक्रेत्यांनी कायद्याची वाट न बघता सुरू करावं.