सगळं एकच असेल, तर कावळ्याची वाट कोणासाठी बघायची?

तिरपागडा (धागाकर्ता)

मराठी घरात मरणाबद्दल दोन गोष्टी एकाच दमात बोलल्या जातात. ‘आत्मा एकच, सगळं ब्रह्म, तुझ्या-माझ्यात भेद नाही’ ही पहिली. ‘अण्णांचा आत्मा घुटमळतोय, काहीतरी इच्छा राहिली असणार’ ही दुसरी. माझ्या मते या दोघी एका घरात नांदू शकत नाहीत. एक ठेवा, दुसरी सोडा.

दहाव्याचा घाट डोळ्यांपुढे आणा. पिंड मांडलेत, कावळे समोरच्या झाडावर बसलेत, खाली एकही येत नाही. मुलगा हात जोडून सांगतो, ‘आईला नीट सांभाळू.’ काही नाही. मागून काका पुटपुटतात, ‘जमिनीचं बोल.’ मग ‘वाटणी तुम्ही म्हणाला होतात तशीच करू.’ तरी नाही. ऊन चढतं, लोक घड्याळं बघायला लागतात. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवतात आणि सगळे सुटतात. यात गृहीत काय आहे? गेलेला माणूस अजून तोच आहे, त्याला सातबारा आठवतो आणि तो रुसलाय. याहून पक्कं द्वैत दाखवा मला. आणि त्याच घरात संध्याकाळी ‘विष्णुमय जग, भेदाभेद भ्रम अमंगळ’.

याउलट याज्ञवल्क्य बघा. बृहदारण्यक उपनिषदात घर सोडून निघताना तो बायकोला, मैत्रेयीला, सांगतो की मिठाचा खडा पाण्यात विरला की कुठूनही चाखा, खारटच. पण खडा काही परत हाती लागत नाही. ‘न प्रेत्य संज्ञास्ति’, मेल्यावर संज्ञा, म्हणजे ‘मी अमुक’ ही जाणीव, उरत नाही. मैत्रेयी चक्रावते, तसं तोंडावर सांगतेही. त्यावर तो म्हणतो, जिथे दोन असल्यासारखं असतं तिथे एक दुसऱ्याला बघतो. सगळं आत्माच झालं तर कोणी कोणाला बघायचं? म्हणजे अद्वैत खरं असेल तर वर भेटायला कोणी नाही आणि वर जायलाही कोणी नाही. उत्तर कडू आहे, पण प्रामाणिक आहे.

अवांतरराव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पितृपंधरवड्यात हा धागा दर वर्षी निघतो, फक्त कावळा बदलतो.

नर्मदेहर

याज्ञवल्क्य अर्धाच वाचलात. त्याच उपनिषदात तोच पुढे सांगतो की अळी गवताच्या एका पात्याच्या टोकाशी पोचली की दुसरं धरते आणि मग पहिलं सोडते, तसा जीव देह बदलतो. शंकराचार्यांनी व्यवहार (रोजचं जग) आणि परमार्थ (अंतिम सत्य) असे दोन स्तर केले ते याचसाठी. ज्ञान झालं नाही तोवर जीव वेगळा, कर्म वेगळं, परलोकही आहे. पितृयानाने, म्हणजे पितरांच्या वाटेने, गेलेला चंद्रापर्यंत जातो, पावसातून खाली येतो, तांदूळ, जव, तीळ, उडीद यांत शिरतो आणि अन्नातून पुन्हा जन्मतो, असं छांदोग्य सांगतं. विरोध कुठे आहे?

तिरपागडा

दोन स्तर हे उत्तर मला कायम पळवाट वाटत आलंय. व्यवहारातलं शेत मोजणी खात्याचा माणूस येऊन मोजतो. व्यवहारातला पितृलोक कोणी मोजलाय? जे व्यवहारात दिसत नाही आणि परमार्थात नाहीच, ते नेमकं कुठल्या स्तरावर आहे?

ओम_अणू

एवढी चर्चा कशाला? विज्ञानाने सिद्ध केलंय. क्वांटमवाला शास्त्रज्ञ श्रोडिंगर उपनिषदं वाचायचा. क्वांटम फिजिक्स म्हणजेच अद्वैत.

क्वार्ककाकू

श्रोडिंगर यायचाच होता! वाचायचा, खरं आहे. चेतना एकच आहे, तिला अनेकवचन नाही, असं तो मानायचा. पण हे विचार त्याने १९२५ मध्ये लिहून ठेवले आणि त्याचं समीकरण आलं १९२६ मध्ये. म्हणजे एकत्व समीकरणातून निघालेलं नाही. ते जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावर आणि वेदान्त वाचून आलं. त्याची श्रद्धा म्हणून खुशाल सांगा, भौतिकशास्त्राचा निष्कर्ष म्हणून माझ्या वर्गात चालणार नाही.

एकत्वाचा जो भाग खरोखर सिद्ध आहे तो सांगते. आपल्या वजनात साधारण १८ टक्के कार्बन असतो. चितेत त्यातला बहुतेक वायू होऊन जातो, वाऱ्याबरोबर पसरतो, आणि त्यातला काही पुढच्या हंगामात कुठल्या तरी ज्वारीच्या पानात जातो. अंगातला हायड्रोजन तर सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा, विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतला. नर्मदेहर यांच्या छांदोग्यातला मार्ग ढोबळमानाने तोच आहे, वरून खाली, पावसातून धान्यात. फक्त प्रवासी कोणी नाही. कार्बनच्या अणूला तुमचे आजोबा आठवत नाहीत.

साशंक_सावंत

काकू, मागचा जन्म आठवतो असं म्हणणारी मुलं आहेत. व्हर्जिनिया विद्यापीठात इयान स्टीव्हन्सन यांनी सुरू केलेल्या संग्रहात अशा अडीच हजारांहून जास्त केसेस आहेत, त्यात भारतातल्या पुष्कळ. सगळ्या थापा?

क्वार्ककाकू

थापा म्हणत नाही. पण बऱ्याच केसेसमध्ये दोन्ही कुटुंबांची गाठ आधीच पडलेली असते आणि मूल आधी काय बोललं, नंतर काय ऐकलं, याची सरमिसळ झालेली असते. आणि समजा सगळ्या खऱ्या निघाल्या. तरी त्या मुलाला एकाच माणसाचं घर, एकाच माणसाची बायको आठवते. सगळ्यांचं सगळं आठवणारं मूल अजून कोणाला भेटलेलं नाही. म्हणजे पुनर्जन्म जिंकला तर एकत्व हरलं. इथे तिरपागडा यांच्याशी मी सहमत.

घाटावरचा

मी याज्ञिकी करतो, म्हणून लिहितोय. तिरपागडेसाहेब, दहावा पाहून निघून आलात. बाराव्याला थांबायचं होतं.

बाराव्याला सपिंडीकरण असतं. गेलेल्याचा एक लांबट पिंड, आणि त्याचे वडील, आजोबा, पणजोबा यांचे तीन पिंड. लांबट पिंडाचे तीन भाग करायचे आणि एकेक भाग त्या तिघांत मिसळायचा. मुलाने स्वतःच्या हाताने कालवायचा, भात एकजीव होईपर्यंत. कितीतरी जण रडतात ते इथे, दहाव्याला नाही. कारण हाताला कळतं की आता हा वेगळा काढता येणार नाही. त्या क्षणापासून तो प्रेत राहत नाही, पितर होतो. पुढे श्राद्धात वडिलांना वसुरूप म्हणायचं, आजोबांना रुद्ररूप, पणजोबांना आदित्यरूप. त्याच्या वरच्यांना नावाने पिंड नाही. नाव तीन पिढ्या, मग नावही गेलं.

आणि तर्पणात शेवटी काय म्हणतो? ‘आब्रह्मस्तम्बपर्यन्तम्’. ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळे तृप्त होवोत. काडीलाही पाणी देणाऱ्या विधीला पक्कं द्वैत म्हणता? तुमचा मिठाचा खडा आम्हीही विरघळवतो. फक्त एकदम नाही, घरच्यांना झेपेल तसा.

दर्भाच्या कावळ्यावर हसू नका. उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांची सोय आहे ती.

तिरपागडा

गुरुजी, सपिंडीचा तपशील आवडला, मनापासून. पण मिसळायचंच तर स्वतःच्याच तीन पिढ्यांत का? ब्रह्माला गोत्र असतं का?

घाटावरचा

नसतं. पण रडणाऱ्या मुलाला असतं. तो आधी आजोबांपर्यंत पोचू दे, मग काडीपर्यंत नेऊ.

माऊलीचा_पाईक

‘कोणी कोणाला बघायचं’ या प्रश्नाचं उत्तर ज्ञानोबांनी अमृतानुभवात देऊन ठेवलंय. ‘देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा ॥’ वेरूळला कैलास बघा. देव, देऊळ, पुढे हात जोडून उभा असलेला, सगळा एकच खडक. तरी नमस्कार होतोच ना? एकत्व असूनही नातं राहतं.

आणि तुकोबांना मुक्तीचं कौतुकच नव्हतं. ‘तुका म्हणे गर्भवासीं । सुखें घालावें आम्हांसी’. विरघळायचं नाही, परत यायचंय, संतसंग मिळत असेल तर. वारकऱ्याला तुमचं ‘एक ठेवा, दुसरं सोडा’ कधी पटलेलं नाही.

तिरपागडा

ओवी अप्रतिम, वाद नाही. पण डोंगरात कोरलेला भक्त मरत नाही. प्रश्न मेलेल्याचा आहे.

माऊलीचा_पाईक

मेला म्हणजे कोरीवकाम झिजलं. डोंगर कुठे गेला?

तिरपागडा

तेच तर मी म्हणतोय! डोंगर राहिला, माणूस गेला. मग हाक कोणाला मारताय?

निळीपहाट

मघापासून वाचतेय. इथे एकानेही विचारलं नाही की हे एकत्व जिवंत माणसांना कधी लागू झालं का.

विष्णुमय जग म्हणणाऱ्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं आधीच खुलं केलेलं होतं. पुढे काय झालं? लोकांना मारहाण झाली आणि तळं पंचगव्य ओतून शुद्ध करून घेतलं. गुरुजी, तुमच्या तर्पणातल्या गवताच्या काडीला पाणी मिळतं. आमच्या पणज्याला तेवढंही मिळत नव्हतं.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यात श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. आमच्याकडे आत्मा नाही, त्यामुळे घुटमळायला कोणी नाही. मेल्यावर शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं आपापल्या साठ्यात जातात आणि त्यातूनच नवं काही जुळतं. बाबासाहेबांनी पुनर्जन्माचा अर्थ असा लावला. काकूंच्या कार्बनच्या बराच जवळचा आहे बघा. तिरपागडा यांचा पेच आम्हाला पडतच नाही.

माऊलीचा_पाईक

ताई, महाडबद्दल मान खाली घालावी लागते. पण पैठणला नाथांनी काय केलं तेही बघा. चरित्रात कथा आहे, वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता, वासाने वाटेवरची महार मंडळी थबकली, नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मणांनी जेवायला नकार दिला तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले. श्राद्ध आणि एकत्व एकाच पंक्तीत आलेच ना?

निळीपहाट

दादा, नाथांबद्दल माझी तक्रार नाही. पण कथा काय सांगते ते बघा. चमत्कार घडावा लागला, म्हणजे गावाला पटलेलं नव्हतं. नाथ गेले १५९९ मध्ये. तिथून महाडपर्यंत सव्वातीनशे वर्षं. एवढ्या काळात कथा कीर्तनात रंगली, पंगत होती तशीच राहिली. मेलेल्यांची एकता सोपी असते, तिला पाणवठा लागत नाही.

अवांतरराव

पॉपकॉर्न ठेवलं बाजूला.

नर्मदेहर

आचरण चुकलं म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही, एवढंच नोंदवतो.

निळीपहाट

आणि तत्त्व सुंदर आहे म्हणून आचरण माफ होत नाही, एवढंच मीही नोंदवते.

सई_ठाणे

मध्येच घुसतेय, पण प्रश्न खरा आहे. बाबांनी देहदानाचा फॉर्म आणलाय. भाऊ म्हणतो, दहन नाही तर अस्थी नाहीत, अस्थी नाहीत तर दहावा-बारावा कशाचा? बाबांना गती मिळणार नाही. गुरुजी, काही मार्ग आहे का?

घाटावरचा

ज्यांचा देहच मिळत नाही, म्हणजे परदेशी गेला, बुडाला, बेपत्ता झाला, त्यांच्यासाठी पर्णशर आहे. पळसाच्या ३६० पानांचा मनुष्याकृती पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं नेहमीसारखं. देहदानाला काही गुरुजी हेच लावतात. माझं मत वेगळं आहे. तुमच्या वडिलांचा देह हरवलेला नाही, तो दिलेला आहे. दानाला पुतळा कशाला? मी असतो तर थेट बाराव्याला सपिंडी केली असती. कर्मठ मंडळी मला शिव्या घालतील.

कर्मठ_कोकणस्थ

घालतोच. संस्कार न झालेल्या देहाची सपिंडी कुठल्या ग्रंथाधारे? पुतळा तरी हवाच.

घाटावरचा

कुठल्या आधारे म्हणता, तर संन्यासी बघा. त्याला अग्नी देत नाहीत, समाधी देतात. त्याची सपिंडीही नसते. कारण संन्यास घेतानाच त्याने स्वतःचं श्राद्ध स्वतः केलेलं असतं, स्वतःला पिंड दिलेला असतो. म्हणजे अग्नीवाचून गती नाही असं शास्त्रही सरसकट म्हणत नाही. जो सगळ्यांत मिसळला त्याला मिसळवायचं काय? बाकीच्यांना मात्र कोणीतरी हात लावावा लागतो.

तिरपागडा

गुरुजी, झालं की मग! एकत्व ज्याला कळलं त्याला पिंड नाही. म्हणजे दोन्ही एकत्र नांदत नाहीत हा माझा मुद्दा तुम्हीच मान्य केलात.

घाटावरचा

ज्याला कळलं त्याच्यापुरता मान्य. पण तुम्हाला कळलंय असं मी कुठे म्हटलं?

सई_ठाणे

बाबा शेजारीच बसून वाचतायत. म्हणतात, संन्यास नको, पुतळा नको, बारावा भावाला हवा असेल तर त्याने करावा, नाहीतर मी करावा. फॉर्मवर साक्षीदाराची एक सही राहिली आहे, भाऊ करत नाहीये. ठाण्यातलं कोणी आहे का इथे?