मदत हवी आहे: तानपुरा जुळवणीचा गेम – हिरवा दिवा लागतो, तरी जोड डुलते

कोल्हापुरातल्या गायनाच्या वर्गासाठी ब्राउझरमध्ये चालणारा छोटा गेम बनवतोय. तानपुरा मिरजेचा, सूर काळी १ (पेटीची पहिली काळी पट्टी), तारा प-सा-सा-सा. काटा ±५ सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आत आला की हिरवा दिवा आणि १० गुण. पण जोडीच्या (मधल्या, एकाच सा च्या) दोन्ही तारांना दिवा मिळूनही एकत्र छेडल्या की आवाज डुलतो, म्हणजे लहान-मोठा होत राहतो. खर्जाला (सर्वांत खालच्या सा च्या तारेला) काटा कधी वरचा सा, कधी पंचम दाखवतो. आणि मुलं पडद्याकडे बघत खुंटी पिळतात, कान देतच नाहीत. काय बदलू?

प्रतिसाद १
डोलाचं कारण तुमच्या ±५ मध्येच आहे. काळी १ चा सा साधारण १३८.६ हर्ट्झ, तिथे ५ सेंट म्हणजे ०.४ हर्ट्झ. एक तार ५ सेंट चढी, दुसरी ५ उतरी असेल तर फरक ०.८ हर्ट्झ, म्हणजे सव्वा सेकंदाला एक डोल. तरीही दोघींना हिरवा दिवा! काटा पहिल्या जोडतारेपुरताच ठेवा. दुसरी तिच्याशी जुळवायची, काटा झाकून. गुण डोलावर द्या: ४ सेकंदांत एकाहून कमी. मूळ सा ४ सेकंदांत एकदा डुलतो तेव्हा स्वयंभू गांधार (तारेतून आपोआप उमटणारा वरचा ग) पाचदा डुलतो, कारण तो पाचपट वर असतो. मुलांचा कान तिकडे वळवा, खरं शिक्षण तेच आहे.

प्रतिसाद २
खर्ज ६९.३ हर्ट्झ, एक आवर्तन १४.४ मिलिसेकंद. सेकंदाला ४४१०० नमुने या दराने घेतलेल्या आवाजाच्या २०४८ नमुन्यांत जेमतेम तीन आवर्तनं मावतात, ८१९२ घ्या. मोबाईलचा माइक खालचा स्वर क्षीण पकडतो आणि जवारी (घोडीवर तार घासून येणारी झंकार) वरचे स्वर उचलते, म्हणून सर्वांत उंच शिखर शोधणारी पद्धत फसते. ऑटोकोरिलेशन (लहर किती वेळाने स्वतःशीच जुळते ते मोजणारी पद्धत) वापरा, खर्जाच्या फेरीत शोध ६० ते ८० हर्ट्झमध्येच ठेवा. माइकचं नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, ऑटो गेन तिन्ही बंद करा. छेडल्यावर पहिला अर्धा सेकंद मोजू नका. जोरात छेडलेली तार आधी चढी बोलते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पंचमाला हाच काटा चालेल?

प्रतिसाद १
नको. पेटीचा, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करून काढलेला पंचम शुद्ध पंचमाहून २ सेंट उतरा असतो. खर्जाच्या दीडपट धरा, १०३.९५. क्रम जोडी, खर्ज, शेवटी पंचम. आणि मग जोडीची दुसरी फेरी हवीच, कारण जाड तार ताणली की दांडी किंचित वाकते आणि जोडी उतरते. खुंटीने जवळ आणायचं, शेवटचा फरक तारेत ओवलेला मणी सरकवून काढायचा. खुंटी सरकत असेल तर आधी तिला खडू लावा, नाहीतर गुण मुलाचे कापले जातील आणि दोष खुंटीचा असेल.